आमच्या शाळेच्या आवारातले पक्षी

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा दीड वाजता होते. कावळे त्याच्या दहा मिनिटे आधी येतात. कौलांवर, ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर, पाण्याच्या टाकीवर पंचवीस-तीस कावळे गप्प बसून असतात. घंटा झाली, मुले खिचडीच्या ताटल्या घेऊन व्हरांड्यात बसली, की त्यांचा बाजार सुरू होतो. कावळ्यांना वेळ कशी कळते, यावर स्टाफरूममध्ये बरेच दिवस वाद चालला. गणिताचे सर म्हणत, सवय. शास्त्राच्या मॅडम म्हणत, नाही, त्यांना काहीतरी दिसत असणार. शनिवारी शाळा सकाळची असते आणि सुट्टी साडेनऊला. एका शनिवारी आम्ही मुद्दाम लक्ष ठेवले. खिचडी शिजवणाऱ्या खालांनी शेडमधून पातेले बाहेर आणून ठेवले आणि पहिला कावळा टाकीवर उतरला. पुढच्या शनिवारी खालांना पातेले आतच ठेवायला सांगितले. घंटा झाली तरी टाकीवर तीनच कावळे. मॅडम जिंकल्या. चहा गणिताच्या सरांनी पाजला.

आम्ही म्हणजे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका उर्दू हायस्कूलमधले तीन शिक्षक. एक गणिताचे, एक शास्त्राच्या आणि तिसरे उर्दू-मराठी शिकवणारे, म्हणजे हे लिहिणारे. शाळेच्या मागे भातशेती, शेतीच्या पलीकडे खाडी, पुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे मोहल्ला. आमच्यापैकी कोणीही पक्ष्यांचा अभ्यासक नाही. पाच वर्षांपूर्वीपर्यंत साळुंकी, कावळा, चिमणी, पोपट आणि बगळा एवढीच आमची हजेरी होती. बाकी सगळे 'एक पाखरू'.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या, हे सगळ्यांनी वाचले असेल. आमच्या शाळेचे निम्मे पत्रे शेतात जाऊन पडले आणि आवारातली बहुतेक झाडे उन्मळली. कोरोनामुळे मुले आधीपासूनच घरी होती. आम्ही शिक्षक मात्र भिजलेले दप्तर वाचवायला आळीपाळीने जात असू. हजेरीपट, निकालपत्रके, दाखल्यांच्या फायली व्हरांड्यात दोऱ्यांवर टाकून वाळवायच्या आणि पाऊस आला की आत घ्यायच्या. ऊन पडण्याची वाट पाहत बसण्याखेरीज काही काम नव्हते. शाळेत इतकी शांतता आम्ही वीस वर्षांत ऐकली नव्हती.

त्या शांततेत उंबराच्या उरलेल्या बुंध्यावरून एकसारखा ठोक्यांचा आवाज येई. टुक, टुक, टुक. आम्हाला वाटले, कोणीतरी पत्रा ठोकतो आहे. दोन दिवसांनी मॅडमना तो 'कारागीर' सापडला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवरचा पट्टा लाल. तांबट! भांडी ठोकणाऱ्या तांबटावरून हे नाव पडले, हे भाषेच्या शिक्षकाला तरी माहीत असायला हवे होते. तांबट वाळलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात चोचीने भोक पाडून घर करतो. वादळाने मोडलेल्या फांद्या आमच्या लेखी कचरा होत्या, त्याच्या लेखी मोकळे प्लॉट. पुढे तो बुंधा तोडून लाकूड विकावे, असे शाळा समितीत निघाले, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून विरोध केला. शाळेत आमचे एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग असावा. बुंधा अजून उभा आहे.

तिथून ही खोड लागली.

सुरुवातीला मोबाइलने फोटो काढले. फोटोत आभाळ सुंदर येई आणि मधोमध एक काळा ठिपका. घरी दाखवले की बायकोमुले विचारत, यात पक्षी कुठे आहे? मग दुर्बिणीच्या काचेला मोबाइल टेकवून पाहिले. दहातला एखादा जमे. शेवटी तिघांनी वर्गणी काढून मुंबईहून एक जुना, लांब झूमचा कॅमेरा घेतला. भिंगे बदलायची भानगड नाही, असा. तो आठवड्याला एकाकडे, असा ठराव आहे आणि ठराव मोडल्याबद्दल भांडणेही आहेत.

कामाच्या जागी पक्षी पाहण्याचा एक मोठा फायदा असतो. जंगलात माणूस पाहुणा असतो, पक्षी त्याला बिचकतात. शाळेत ते आपल्याला रोज पाहतात. चारशे मुलांच्या गोंगाटाचे त्यांना काही वाटत नाही. भीती वाटते ती एकदम वर उचललेल्या हाताची आणि रोखून पाहण्याची. म्हणून आम्ही स्टाफरूमच्या खिडकीत कॅमेरा आधीच टेकवून ठेवतो आणि वह्या तपासत बसतो. खिडकी पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, त्यामुळे समोरच्या झाडावर बसलेल्या पक्ष्याच्या अंगावर सरळ उजेड पडतो. तिसऱ्या तासापर्यंत काय ते फोटो काढून घ्यायचे. दुपारनंतर त्याच झाडावरचा बुलबुल आणि कोतवाल, दोघेही सारखेच काळे येतात. नेम डोळ्यावर धरायचा. डोळा स्पष्ट आला की बाकीचे चालून जाते. शेपटी सतत हलवणाऱ्या धोब्यासाठी किंवा उडत्या वेड्या राघूसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद लागते. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, दोनेक हजार खराब फोटो काढून शिकलो.

गणिताच्या सरांच्या स्कूटरचा किस्सा सांगितलाच पाहिजे. विणीच्या दिवसांत दयाळ नर आपल्या हद्दीत दुसरा नर सहन करत नाही. सरांची स्कूटर नेमकी त्याच्या हद्दीत उभी राहायची. आरशात त्याला रोज एक तितकाच देखणा, तितकाच संतापलेला दयाळ दिसे. सकाळपासून तो आरशावर चोची मारी, दमून हँडलवर बसे, पुन्हा सुरू. सर आधी हसले. मग सीटवरची घाण पुसून कंटाळले. मग त्यांना त्याची दया आली, कारण हा शहाणा आरशाशी भांडण्यात दिवस घालवत होता आणि त्याची मादी एकटी किडे वेचत होती. आता एप्रिल-मेमध्ये सरांच्या दोन्ही आरशांवर पायमोजे चढवलेले असतात.

मुले यात आपणहून आली. मक्तबमध्ये हजरत सुलैमान आणि हुदहुदचा किस्सा सगळ्यांनी ऐकलेला. सूरह नम्लमध्ये तो आहेच. पण हुदहुद पाहिलेला एकही नव्हता. सुतारपक्षी दिसला तरी 'हुदहुद, हुदहुद' असा गलका होई. घरी मोठी माणसेही तसेच म्हणतात. मग एका डिसेंबरात पाचवीच्या वर्गासमोर मैदानात खरा हुदहुद उतरला. बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब वाकडी चोच मातीत खुपसून किडे काढत होता. मध्येच त्याने तुरा पंख्यासारखा उघडला आणि मिटला. तो तास आम्ही शिकवलाच नाही. त्या दिवसापासून वर्गाबाहेरच्या फळ्यावर दोन रकान्यांची यादी सुरू झाली, एकात मराठी नाव, एकात उर्दू. होला आणि फाख्ता. घार आणि चील. सुतार आणि कठफोडवा. सुगरण आणि बया. भाषेच्या तासाला इतके शब्द आम्ही फळ्यावर लिहून कधी शिकवू शकलो नसतो.

आता जे सांगायचे ते फारसे आवडीने सांगत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये सातवीतल्या एका मुलाकडे गलोल सापडली. मुलगा वर्गात अबोल, वाचनात मागे, पण नेम पक्का. त्याने बुलबुल पाडला होता. आम्ही गलोल जप्त करून स्टाफरूमच्या खणात टाकली आणि साऱ्या वर्गाला डॉ. सालिम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरात १८९६ साली जन्मलेला, लहानपणीच आईबापाविना झालेला मुलगा. मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढला. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा. एक दिवस पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले आणि त्या डागातून पुढे भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. गोष्ट आम्ही चांगली रंगवून सांगितली. शेवटी त्या मुलाकडे पाहून 'समझे?' असेही विचारले. त्याने मान खाली घातली.

ऑगस्टमध्ये नळाजवळच्या कुंडीतल्या मोठ्या पानांत शिंप्याने घरटे केले. शिंपी हा बोटभर पक्षी. पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवून पान शिवतो आणि त्या खिशात घरटे घालतो. बाहेरून पाहिले तर फक्त एक वळलेले पान. आत तीन पिल्ले होती. आईबाप दर दोन-चार मिनिटांनी अळी घेऊन येत. असा फोटो आम्हाला पुन्हा कुठे मिळणार होता! अडचण एकच होती: वरचे एक पान आडवे येत होते, त्यामुळे घरट्याच्या तोंडावर सावली पडे. आम्ही ते पान दोऱ्याने मागे ओढून गजाला बांधले. आम्ही, असे लिहितो आहोत. दोरा कोणी बांधला ते तिघांना माहीत आहे.

फोटो अप्रतिम आला. मादीच्या चोचीत हिरवी अळी, तीन पिवळ्या चोची वासलेल्या, सकाळचे ऊन. संध्याकाळपर्यंत तो तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला, माशाअल्लाह आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. दोरा सोडायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे फाटलेले होते. पिल्ले नव्हती. मादी कुंडीच्या कडेवर, नळावर, पुन्हा कुंडीवर उड्या मारत ओरडत होती, चोचीत अळी तशीच. परिपाठ संपून मुले वर्गात गेली तरी तिचे ओरडणे चालूच होते. आम्ही मुलांना म्हणालो, कावळ्याने नेली असतील, निसर्गात असे होते. तेव्हा तो अबोल मुलगा दोऱ्याकडे बोट दाखवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, कौए को घर तो आपने दिखाया."

उत्तर नव्हते. वर्गात आम्ही पाचशे वेळा मुलांना 'चूक कबूल करा' असे शिकवले असेल. त्या दिवशी आम्ही 'चला, पुस्तके काढा' एवढेच म्हणालो.

नंतर वाचले, विचारले, तेव्हा कळले की ही चूक आमची एकट्याची नाही. जाणकार लोक विणीच्या काळात घरट्याचे फोटोच काढू नयेत म्हणतात, ते याच कारणाने. एखादे आडवे येणारे पान म्हणजे त्या घराचा दरवाजा असतो. ते हटले की ऊन आत जाते, पावसाची सर आत जाते आणि कावळ्या-भारद्वाजाची नजरही. माणूस सारखा तिथे जाऊन उभा राहिला तरी कावळा ती जागा हेरतो. ज्या कावळ्यांची हुशारी आम्ही पातेल्यावरून मोजली होती, त्यांच्यासमोर आम्ही दिवसभर त्या कुंडीकडे ये-जा करत होतो! मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हाही तसलाच प्रकार. तो बिचारा हद्दीत शत्रू घुसला समजून पिल्ले टाकून धावत येतो. सरांच्या आरशातल्या दयाळाला आम्ही हसलो होतो आणि तेच काम मोबाइलने स्वतः करत होतो.

शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या वर्षी आम्ही शाळेत फोटोंचे प्रदर्शन भरवले. शिंप्याचा फोटो लावायचा नाही, असे ठरले होते. लावणी चालू असताना त्या मुलाने विचारले, तो कुठे आहे? आम्ही म्हणालो, तो नको. तो म्हणाला, तोच तर सगळ्यांत चांगला आहे. शेवटी लावला, आणि खाली उर्दूत व मराठीत दोन्हीकडे लिहिले की, हा फोटो काढण्यासाठी आम्ही पान बांधले आणि दुसऱ्या दिवशी ही पिल्ले मारली गेली. मुख्याध्यापकांना ते रुचले नाही. पालकांसमोर शिक्षकांची शोभा कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यातही तथ्य होते. पण लोक त्याच फोटोपाशी जास्त थांबले. एका दादीमांना नातीने ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही. बऱ्याच वेळाने विचारले, घरी पिंजऱ्यात मिठ्ठू आहे, त्याचे काय करू? पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे आम्ही सांगितले. पण वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी नुसता दार उघडून सोडला तर तो उडूच शकत नाही, मांजराच्या तोंडी जातो. तेव्हा आधी वनखात्याकडे विचारा, हेही सांगितले. आपल्या किती घरांत असा मिठ्ठू असेल, ते आपापल्या ओसरीत पाहावे.

त्या मुलाशी आमची दोस्ती कशी झाली, तर सुगरणीमुळे. ऑगस्टच्या त्या प्रकारानंतर आठवडाभर तो आमच्याकडे पाहत नव्हता. मग एका दुपारी स्वतःहून आला, म्हणाला, खाडीच्या बांधावर शिंदीच्या झाडाला घरटी आहेत, पण लांबूनच बघायची. आम्ही रस्त्यावर उभे राहून दुर्बिणीने पाहिली. एकोणीस. पिवळ्या टोपीचे नर भातपात्यांच्या लांब चिरट्या काढून आणत होते आणि विणत होते. काही घरटी पूर्ण, लांब नळीची. काही अर्धवट, उलट्या टांगलेल्या टोपीसारखी.

इथे पुन्हा सालिम अली आले, पण या वेळी भाषण म्हणून नव्हे. १९३० च्या सुमारास जर्मनीहून शिकून आलेल्या या माणसाला मुंबईत नोकरी उरली नव्हती, म्हणून तो पत्नी तेहमीनांसह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिला. आमच्याच जिल्ह्यात! तिथे रिकाम्या दिवसांत त्यांनी घराजवळच्या सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस पाहिली आणि तोवर कोणी नीट न सांगितलेली गोष्ट मांडली. घरटे बांधतो तो नर. अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले तर तो नळी विणून ते पुरे करतो, ती अंडी घालून बसते, आणि हे महाशय शेजारी दुसरे घर बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. जे कोणालाच पसंत पडत नाही ते तसेच अर्धे लोंबत राहते. मराठीने मात्र सगळे श्रेय 'सुगरण' म्हणून बाईला देऊन टाकले आहे. मॅडमचे मत असे की, भाषेत तरी श्रेय मिळाले, ते राहू द्यावे.

मुलाला ही गोष्ट फार आवडली. त्याने वहीच्या मागच्या पानांवर घरट्यांना क्रमांक दिले आणि रोज शाळा सुटल्यावर कोणते कुठवर आले ते लिहू लागला. उर्दूत, चुकांसह. त्या चुका आम्ही लाल शाईने सुधारल्या नाहीत. ऑक्टोबरअखेर एकोणीसपैकी सात टोप्याच राहिल्या होत्या. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्ष्यांची मोजणी होते, तिच्यात आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या आवारांसाठी 'कॅम्पस बर्ड काउंट' असतो. किमान पंधरा मिनिटे एका जागी थांबून, दिसतील ते पक्षी आणि त्यांची संख्या ई-बर्डवर नोंदवायची, एवढेच. फोटो लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या आवारातून आणि गच्चीवरून खाडीपर्यंत धरून त्रेचाळीस प्रकार झाले. भरतीला चिखलावरून उठणारे तुतवार मोजायचे काम त्याच मुलाकडे होते, कारण थवा उडत असताना एका नजरेत आकडा सांगणे इतर कोणाला जमत नाही. गलोलीचा नेम हाच असावा.

कॅमेरा आहेच, तो सोडलेला नाही. फजरनंतर मशिदीतून परतताना जूनमध्ये नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. कोकणात तो पाऊस घेऊन येतो, पहाटे आणि संध्याकाळी बोलतो आणि झुडपाखाली पानांत दडलेला असतो. तीन पावसाळे आम्ही त्याच्या फोटोमागे आहोत. आवाज वाजवला तर तो पाच मिनिटांत समोर येईल. वाजवत नाही, म्हणून फोटोही नाही. गणिताचे सर याला आमचा आळस म्हणतात.

यंदा जुलैत शिंप्याने पुन्हा नळाजवळच्या कुंडीतले पान शिवले. तो मुलगा आता नववीत आहे. त्याने कोणाला न विचारता त्या नळाची तोटी काढून शिपाईमामूंकडे दिली, म्हणजे मुले पाणी प्यायला पलीकडच्या नळावर जातील. पलीकडे रांग लागते, तक्रारी येतात. काल मोकळ्या तासाला आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून नुसते मोजले: चाळीस मिनिटांत आईबापाच्या मिळून सतरा फेऱ्या. पिल्ले किती आहेत ते अजून कोणी पाहिलेले नाही.